पाचवीच्या आधी गेलेले

गुणाबाई,

काल तुझ्याकडून सहा बांगडे घेतले तेव्हाच हे बोलता आलं असतं. पण तुझ्या पाटीसमोर तीन बायका ताटकळत होत्या, आणि तसंही तुझं माझं बोलणं मासा ताजा की कालचा इथून सुरू होतं आणि तिथंच भांडून संपतं. म्हणून लिहिते आहे. तुला वाचता येत नाही, हे ठाऊक आहे. तुझी बहीण गोदू माहेरपणाला आली की तिला वाचायला सांग. ती अडखळत वाचते, म्हणून अक्षर मोठं काढलंय. तुला माहीत असलेलंही लिहिणार आहे, कारण हा कागद उद्या कुणा तिसऱ्याच्या हाती पडला तर त्यालाही सगळं कळायला हवं. कंटाळा आला तर मध्येच उठून जाऊ नकोस. शेवटी एक काम आहे, आणि ते माझ्यामुळे राहिलंय.

तू पहिल्यांदा लाईन आळीतल्या आमच्या जिन्यात पाटी टेकवलीस त्याला आता चौदा वर्षं झाली. १९८५ साल. मी तेव्हा मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. तू वीस वर्षांची असशील, करंजाहून पनवेलच्या कोळीवाड्यात नुकतीच लग्न होऊन आलेली. पहिलंच वाक्य तू बोललीस ते असं: "बाई, तुमी पोरींना शिकवता का त्यांच्यावर वरडता? पार उरण नाक्यावर ऐकू येतं."

मी म्हटलं, "पापलेट दाखव, आणि कालचं असेल तर तेवढ्याच आवाजात तुझ्यावरही ओरडेन."

कालचंच होतं. पण तू हसलीस आणि पाटीच्या तळातून आजचं काढून दिलंस. तेव्हापासून मी दुसरीकडे मासे घेतलेले नाहीत.

तुझा नवरा काळूराम तुझ्या सख्ख्या आतेचा मुलगा. म्हणजे चंद्रावती ही तुझ्या वडिलांची बहीण, आणि लग्नानंतर तुझी सासू. तुमच्या घराण्यात मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्कच असतो. चंद्रावतीसुद्धा स्वतःच्या आतेच्याच घरी पडलेली. तुला त्याचं कौतुक होतं. "आमाला परक्याच्या दारात जावंच लागत नाय, बाई. आतेच्या हाताखाली वाढलेय मी. सासू म्हणायलाच लाज वाटते." असं तू म्हणायचीस. मी त्याच आठवड्यात नववीच्या वर्गात वाटाण्याच्या वेलांवर आनुवंशिकता शिकवत होते, फळ्यावर गोल आणि सुरकुतलेले वाटाणे काढत होते, आणि माझ्याच जिन्यात बसून तू मला हे सांगत होतीस, तरी माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. विज्ञान शाळेत ठेवून घरी यायची सवय असते आम्हाला.

१९८७ मध्ये पहिला मुलगा झाला. आठव्या महिन्यात, घरीच, अचानक. सकाळी रिक्षात घालून दवाखान्यात नेईपर्यंत गेला. दीड महिन्यानं तू पुन्हा पाटी घेऊन आलीस तेव्हा मी तुला काय सांगितलं ते तू विसरली असशील, मी विसरलेले नाही. मी म्हटलं, "आठव्या महिन्यापर्यंत डोक्यावर वीस किलो माशांची पाटी घेऊन जिने चढल्यावर दुसरं काय होणार?" तू तागडी पुसत राहिलीस.

१९९० मध्ये दुसरा. तोही आठ महिन्यांचा. या वेळी पाचव्या महिन्यापासून तू पाटी उचलली नव्हतीस, गावातल्या एका नर्सिंग होममध्ये नाव घातलेलं होतं. दुसऱ्या दिवशी गेला. तिथल्या डॉक्टरांनी तुझ्या कागदावर लिहिलं, आईने पुरेशी काळजी घेतली नाही. तो कागद तू मला वाचायला दिलास. मी वाचला, घडी केली, आणि म्हटलं, "कमी दिवसांचं मूल होतं असं लिहिलंय." अर्धं खरं सांगितलं. उरलेलं अर्धं तुला चंद्रावतीनं सांगितलं, कारण तिनं तो कागद आधीच शेजारच्या शाळकरी मुलीकडून वाचून घेतला होता.

त्यानंतरची चार वर्षं तू कशी काढलीस ते कोळीवाड्यानं पाहिलं. जी तुला वेणी घालून द्यायची तीच आते तुला पोरखाई म्हणू लागली. शेजारणीचं बाळंतपण झालं की तुला पुढच्या दारानं जायची बंदी. कुणाच्या बारशाला ओटी नाही. बाजारात तुझी जागा बदलायला लावली, कारण तुझ्या उजव्या हाताला बसणारी पोटुशी होती. आणि तू हे सगळं मला मासे साफ करता करता सांगायचीस, कोयत्यावर खवले उडत असायचे, आवाजात एवढासाही फरक नाही. मी चिडून म्हणायचे, "तू उलट बोलत का नाहीस?" तू म्हणायचीस, "काय बोलू? पोरं तं माझीच मेली."

१९९४ मध्ये तिसरा मुलगा झाला. त्यानं सगळं पालटलं. कारण तो कमी दिवसांचा नव्हता. पुरे नऊ महिने, सव्वातीन किलो, डोक्यावर जावळ. जन्मल्यावर रडलासुद्धा. आणि तासाभरात तेच सुरू झालं: श्वास आत घेताना छातीची खळगी पडायची आणि बाहेर सोडताना कण्हल्यासारखा आवाज. या वेळी काळूरामनं कुणाला विचारलं नाही. टेम्पो काढला आणि मुलाला घेऊन थेट मुंबईच्या मोठ्या इस्पितळात गेला. पोर नऊ दिवस मशीनवर होतं. नवव्या दिवशी गेलं.

तिथं डॉक्टर आभा भेटली. तिशीची असेल, केस कापलेले, बोलताना समोरच्याच्या डोळ्यात बघणारी. महिन्याभरानं तिनं तुला परत बोलावलं, आणि काळूराम बोटीवर असल्यानं तुझ्याबरोबर मी आले. ती म्हणाली, "पहिली दोन मुलं कमी दिवसांची होती, म्हणून सगळ्यांनी तेच कारण धरलं. कदाचित तेच असेलही. पण याचे दिवस भरलेले होते. याला तसं व्हायला नको होतं."

मग तिनं कागदाच्या पाठीवर चित्र काढून सांगितलं. फुप्फुसात इवले इवले फुगे असतात. त्यांना आतून एक बुळबुळीत थर लागतो. तो नसला तर श्वास सोडताच फुगा चिकटून बसतो, आणि पुढचा श्वास पुन्हा पहिल्याइतका जोर लावून घ्यावा लागतो. मूल दमतं आणि थांबतं. कमी दिवसांच्या मुलांत तो थर अजून तयार झालेला नसतो. पण काही थोड्या घराण्यांत तो बनवायची कृतीच चुकीची उतरलेली असते. मग दिवस भरून काय उपयोग. परदेशात गेल्याच वर्षी याबद्दल छापून आलंय, म्हणाली.

तू लगेच म्हणालीस, "माशाच्या कल्ल्यासारखं. कल्ल्याची बुळबुळ सुकली की मासा मेला."

डॉक्टर तुझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "मी हे विद्यार्थ्यांना सांगेन."

"आन ही चुकीची कृती माझ्याकडनं आली?"

"निम्मी तुमच्याकडून, निम्मी नवऱ्याकडून. एकाच बाजूनं आली तर मुलाला काही होत नाही. दोन्हीकडून आली तरच. तुम्ही दोघं एकाच आजीआजोबांची नातवंडं, म्हणून ती दोघांकडे असायची शक्यता खूप."

तू विचारलंस, "निम्मी म्हंजे बरोब्बर निम्मी? थोडी बी जास्त नाय?"

"थोडीही नाही."

"माझ्या सासूला येऊन सांगाल का?"

ती हसली, पण तू हसत नव्हतीस.

मग तिनं तुमच्या घराण्याचा नकाशा काढायला घेतला. मुलगा म्हणजे चौकोन, मुलगी म्हणजे गोल, नात्यात लग्न झालं असेल तिथं दुहेरी रेघ. तुझे तीन चौकोन तिनं पेन्सिलीनं काळे केले. म्हणाली, खात्री करायची तर रक्त परदेशी पाठवावं लागेल आणि ते आज शक्य नाही. पण अशीच मुलं घरात आधीही गेली असतील तर तोच मोठा पुरावा. विचारलं, "सासूबाईंना किती मुलं झाली?"

तू म्हणालीस, "चार. चारी जित्ती हायत."

तिनं चार आकार काढले, पांढरेच ठेवले. कागद मला दिला. म्हणाली, "काही कळलं तर भरून पाठवा."

घरी आल्यावर तू हे काळूरामला सांगितलंस, त्यानं आईला सांगितलं, आणि चंद्रावती म्हणाली, "माझी चार जगली. माझ्या रक्तात खोट असती तं हा काळू कुठनं आला असता?" आणि तो विषय तिथंच मिटला. दोन महिन्यांनी तिनं दुसरी सून आणायचं ठरवलं, आणि कोण, तर तुझी धाकटी बहीण गोदू. एकोणीस वर्षांची. म्हणे घरातलीच पोर, दोघी बहिणी सुखानं नांदतील. तुझ्या बापानं बहिणीपुढे मान हलवली.

तू त्या दिवशी माझ्याकडे मासे न घेता आलीस. जिन्यातच बसलीस. "मला ठेवू दे नायतर काढू दे. पण गोदूची बी तीन मरतील, बाई. आन मग तिला बी पोरखाई म्हणतील. मला बघावं लागंल." एवढंच होतं तुझं. स्वतःसाठी तू काही मागितलं नाहीस, हे मी लिहून ठेवते.

आता आपल्याला उत्तर कसं सापडलं ते. मी फॉर्म भरत होते, तुझ्या मासेविक्रीच्या परवान्याचा. त्यात एक रकाना होता, अपत्ये किती. मी सवयीनं म्हटलं, "तीन झाली, हयात शून्य, असं लिहू?"

तू म्हणालीस, "एक बी नाय झालं, असं लिवा."

"झाली नाहीत कशी? मी स्वतः पाहिलंय एकाला."

"पाचवी नाय पुजली ना कुणाची. पाचवीच्या आधी गेलेलं मोजत नायत. नाव बी घेत नायत. आमच्यात तसंच हाय."

"तिसरा तर नऊ दिवस होता."

"दवाखान्यात कुठं पाचवी पुजतात? सटवाई मशीनपाशी यायची हाय का?"

मी पेन खाली ठेवलं. विचारलं, "गुणा, मग तुझ्या आतेची चार, ती मोजलेली की झालेली?"

तू माझ्याकडे बघितलंस. तुझ्या चेहऱ्यावर हळूहळू जे उमटत गेलं ते मी शिकवण्याच्या तीस वर्षांत कुठल्या विद्यार्थिनीच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही.

कोळीवाड्याची जुनी सुईण गंगाबाई तेव्हा आपटा गावी लेकीकडे राहायची. आपण एसटीनं गेलो. पाताळगंगेच्या काठी ओसरीत ती सुपं नीट करत बसली होती. ऐकायला कमी. तू तिच्या कानाशी वाकून ओरडलीस, "चंद्रावतीची बाळंतपणं कुणी केली?"

"मीच की. काळू पायाळू होता. लय त्रास दिला मेल्यानं."

"काळूच्या आधी कोण झालं?"

तिचे हात थांबले. "तुला कुणी सांगितलं?"

"तूच सांगतेयस आता."

मग तिनं सांगितलं. काळूच्या आधी एक, काळूच्या पाठीवर एक. दोन्ही मुलगे, दोन्ही अंगानं चांगले, दिवस भरलेले. "पण कण्हायचे गो, मांजरीच्या पिल्लावानी. छातीत ही एवढी खळगी. पयला दुसऱ्या दिशी निळा पडला, दुसरा चवथ्या. खाडीच्या बांधापल्याड भेंडीच्या मोठ्या झाडाखाली पुरले, भरतीचं पाणी जिथं येत नाय तिथं. चंद्रावतीची सासू लय कडक, तिनं हिला घराबाहेर काढायचं ठरवलेलं. मग पुढच्या तिघांची पाचवी झाली आन सगळं मिटलं. हिनं माझ्याकडनं एकवीरेची आण घेतली, पुन्हा बोलायचं नाय म्हणून." आणि मग, जरा खजील होऊन, "आता सत्तरी उलटली माझी. आई माफ करंल."

परतीच्या गाडीत मी म्हटलं, "बघ, तिच्यावरही तेच गुदरलं होतं. तरुण होती, घाबरली असेल." मी हे बोलले, कारण असं बोलायची रीत आहे.

तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "बाई, माझा पयला झाला ना घरी. तो कण्हाया लागला तसं तिनं वाकून त्याच्या छातीकडं बघितलं. एकदाच. आन उठली, त्याचं अंगडं टोपडं पुन्हा ट्रंकेत घातलं, कुलूप लावलं. पोर जितं होतं तवा. मला वाटलं, सोवळ्याचं काय असंल." मग म्हणालीस, "तिला त्याच घडीला ठावं होतं. ठावं असून चार वर्सं मला पोरखाई बोल्ली."

त्यानंतर मी तुला समजुतीचं काही बोलले नाही. कारण माझ्याही डोक्यात रक्त चढलं होतं.

सुपारी फोडायचा दिवस रविवार होता. पानाच्या ताटातली सुपारी दोन्हीकडच्यांसमोर फोडली की तुमच्यात बोलणं पक्कं. दुपारी चंद्रावतीच्या ओटीवर वीसेक माणसं. मध्ये ताट, ताटाशी तुमच्या वाड्याचे वडीलधारे दाजी अडकित्ता घेऊन बसलेले. एका बाजूला तुझा बाप आणि खाली मान घातलेली गोदू, दुसऱ्या बाजूला काळूराम, त्याचीही मान खालीच. तू मागच्या दारानं आलीस, गंगाबाईचा हात धरून. मी तुमच्या मागे. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण कोळीवाड्यातल्या निम्म्या मुली माझ्या हाताखालून गेल्यात, मला उठ कोण म्हणणार?

दाजी म्हणाले, "गुणा, तू आत बस. तुझं नाय हे काम."

"बसते, दाजी. आतेला एक इचारते आन बसते. आते, तुला किती पोरं झाली गो?"

चंद्रावतीनं गंगाबाईला पाहिलं होतं. तरी ती म्हणाली, "चार. समद्या वाड्याला ठावं हाय."

"गंगाबाई, तू या घरात किती नाळा कापल्यास?"

गंगाबाईला ऐकू गेलं नाही. "काय?"

कुणीतरी हसलं. तू पुन्हा विचारलंस, मोठ्यानं. आळीच्या टोकापर्यंत गेलं असेल.

"नाळा होय? सहा. चार जगली. दोन भेंडीखाली."

मग कुणी हसलं नाही. चंद्रावती म्हणाली, "म्हातारी भ्रमिष्ट झालीय."

गंगाबाईला हे मात्र बरोबर ऐकू गेलं. "भ्रमिष्ट? दुसऱ्याच्या डाव्या पायाला सहा बोटं व्हती. तूच बोल्लीस, काळूसारखीच हायत. दाखव रे काळू पाय."

काळूरामनं पाय दाखवला नाही. धोतराखाली ओढून घेतला. पण त्याची सहा बोटं वाड्यात कुणी पाहिली नव्हती?

तू ताटातली सुपारी उचललीस आणि अडकित्त्यासकट आतेच्या मांडीवर ठेवलीस. आवाज अजिबात चढवला नाहीस. "माझं पोर कण्हाया लागलं आन तू टोपडं ट्रंकेत घातलंस. तुला ठावं होतं ते मरणार. कशानं मरतं ते बी तू दोनदा बघितलं होतंस. आता गोदूसाठी सुपारी फोडायची ना? मग तूच फोड. दाजींना कशाला तरास."

सगळे तिच्या हाताकडे बघत होते. तिनं अडकित्ता उचलला. खरंच उचलला, एवढी निगरगट्ट बाई. पण सुपारी त्यात बसेना. दोनदा घसरून ओटीवर पडली. दुसऱ्यांदा पडली ती काळूरामनं उचलली, खिशात घातली आणि पायऱ्या उतरून बोटीकडे निघून गेला. दाजींनी पागोटं सारखं केलं आणि म्हणाले, "चला, उठा आता." तुझ्या बापानं गोदूचा हात धरला. तिची मान आता वर होती.

गोदू पुढच्या वर्षी रेवसला परक्याच्या घरात दिली गेली. दोन मुलं आहेत, दोन्ही आळीभर बोंबलत फिरतात. डॉक्टर आभाला मी कार्ड टाकलं. तिचं उत्तर आलं, एक ओळ: नकाशा पूर्ण करून पाठवा, या चौकोनांची मला फार गरज आहे.

तो मी पाठवला नाही, आधी आळसानं आणि मग रागानं. तो भाग पुढे येतो.

तू घर सोडलं नाहीस. सगळ्यांना वाटलं सोडशील. काळूरामनं तुला थांब म्हटलं, आणि मूल आता नको हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं, पण तू त्याच्यासाठी थांबली नाहीस हे मला ठाऊक आहे. १९९७ मध्ये चंद्रावतीला अर्धांगवायू झाला. जीभ जड, उजवी बाजू गेलेली. बाकीच्या तीन मुलांनी हात वर केले. तूच तिला भरवायचीस, पुसायचीस, कूस बदलायचीस. पाठीला एक व्रण होऊ दिला नाहीस. बघणारे म्हणायचे, काय सून आहे.

पण मी दर बुधवारी यायचे, तेव्हा पाहिलंय. कुणी भेटायला आलं की तू तिच्या तोंडातून चमचा काढायचीस आणि गोड आवाजात म्हणायचीस, "आते, पावण्यांना सांग गो, किती पोरं झाली तुला." आणि ती डाव्या हाताची पाच बोटं वर करायची, मिटायची, आणि मग एक. दर वेळी. नव्या माणसासमोर. ती डोळे मिटून घ्यायची तर तू थांबायचीस. घास पुढे यायचा नाही.

मला ते बघून बरं वाटायचं. हे मी कुणापाशी कबूल केलेलं नाही, तुझ्यापाशी करते. नर्सिंग होमच्या त्या कागदाचं काही करता आलं नव्हतं. तो डॉक्टर तसाच गाडीतून फिरत होता. आणि जिन्यात तुला पाटीवरून मी जे बोलले होते ते परत घेता येत नव्हतं. ती सहा बोटं दिसली की वाटायचं, चला, एवढं तरी कुणीतरी मोजतंय.

मरायच्या महिनाभर आधी, तू पाणी आणायला गेली होतीस तेव्हा, तिनं माझा पदर ओढला. बोलणं समजायला वेळ लागला. तिला दोन गोष्टी हव्या होत्या. भेंडीच्या झाडाखाली वाटीभर दूध ठेवायचं, दोघांच्या नावानं. नावं नव्हती, पण तरी. आणि डॉक्टरणीच्या त्या कागदावर तिचे दोन काळे करायचे. कागदाबद्दल तिला काळूरामनं सांगितलं असणार. "गुणाला सांगा. तिच्या हातानं," म्हणाली.

मी तुला सांगितलं. तू मोरीत मासळीची भांडी घासत होतीस. म्हणालीस, "सोमवारी बघू." सोमवारी लोक मासे खात नाहीत, तुझा बाजार बंद. तो सोमवार गेला, त्याच्या पुढचाही गेला, आणि ती गेली. तू रडली नाहीस. मी तर नाहीच.

दिवस झाल्यावर एका सोमवारी तू वर आलीस, पाटीशिवाय. "बाई, तो कागद हाय ना?"

"आहे."

"येता का? भेंडीपाशी जाऊन येऊ. तिच्यासाठी नाय. ते दोघं दीर ना माझे. एक मोठा, एक धाकटा. तिथंच दूध ठेवू आन तिथंच पेनशिलीनं काळे करू, मंग द्या धाडून डाक्टरणीला."

मी म्हटलं, पेपर तपासायचेत, पुढच्या सोमवारी. पुढच्या सोमवारी माझा गुडघा दुखत होता. तिसऱ्या सोमवारी तू खालूनच हाक मारलीस, मी खिडकीतून हात हलवला की नको. चौथ्यांदा तू आली नाहीस.

गुडघा दुखत नव्हता, गुणाबाई. पेपरही नव्हते, मी त्याच्या चार वर्षं आधी निवृत्त झाले होते. तुलाही हे माहीत होतं, तरी तू बोलली नाहीस. तुझा राग ओसरला होता, माझा नव्हता. त्या बाईची शेवटची इच्छा माझ्या पायांनी चालत जाऊन पुरी व्हावी हे मला सहन होत नव्हतं. आणि खरं तर आजही होत नाही. ते दोन पोरगे तिचे नव्हे, तुझे दीर, हे तू जिन्यात उभी राहून स्वच्छ सांगितलंस, तरी मला दिसत होता तो तिचाच हात, माझा पदर ओढणारा.

आता गेल्या महिन्यात बांधापलीकडे नव्या रस्त्याचा भराव पडायला लागला. परवा रिक्षातून जाताना पाहिलं. भेंडी अजून उभी आहे, पण बुंध्यापर्यंत माती आलीय.

कागद माझ्या शब्दकोशात आहे. तुझे तीन चौकोन काळे आहेत. काळूरामच्या एका अंगाला एक आणि दुसऱ्या अंगाला एक, असे दोन चौकोन मी आखून ठेवलेत, रिकामे. पेन्सिलही तिथेच आहे, टोक काढलेली. मी काही केलं नाही अजून. या सोमवारीही तुझा बाजार बंदच असेल. खालून हाक मार.